टप, पाऊस आणि कणकुंबीची वाट

टांग्याला टप असतो, बाबागाडीला टप असतो, तसा जीपलाही टप असतो. नवी मुले त्याला सॉफ्ट टॉप म्हणतात, गॅरेजात त्याला हूड म्हणतात, माझ्या कन्नड सासरीही हूडच म्हणतात. माझ्या वडिलांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘टप’ हाच शब्द होता, म्हणून या लेखातही तोच राहील. छप्पर हवे तेव्हा चढवावे आणि नको तेव्हा उतरवावे अशी गाडी म्हटली की कोणाला चित्रपटातल्या नायकाची लाल मोटार आठवते. आपल्या बेळगाव-खानापूर भागात मात्र अशी गाडी म्हणजे जीप. शेतावर खताची पोती नेणारी, निवडणुकीत कर्णा लावून गल्लोगल्ली फिरणारी आणि जत्रेच्या दिवशी बसतील तेवढ्यांना घेऊन जाणारी.

१९४० च्या दशकाअखेर महिंद्राने अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे त्या इथेच तयार होऊ लागल्या. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. २०१० साली थार आली आणि २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या दुसऱ्या थारमध्ये मागे सरकवून उघडता येणारा कापडी टपही मिळू लागला. तेव्हापासून रविवारी सकाळी चोर्ल्याच्या रस्त्याला टप उघडलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. त्यात कधी कधी आमचीही असते. आमची आहे वडिलांनी १९९३ साली घेतलेली महिंद्राची एमएम ५४०, प्यूजो कंपनीच्या बनावटीचे डिझेल इंजिन असलेली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ते करत करत ती आज माझ्याकडे आली आहे.

अशा गाडीच्या मालकाचा पहिला प्रश्न एकच असतो, पाणी आत येऊ नये म्हणून काय करावे? जुने मेस्त्री या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाहीत. कापडाला शिवण आली की थोडे पाणी येणारच, ते आलेले पाणी जाते कोठे ते आधी बघा, असे म्हणतात. हे उत्तर मला गेल्या ऑक्टोबरात, अत्तींना घेऊन कणकुंबीला जायचे ठरले तेव्हा नीट कळले.

उगम बघायची इच्छा

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या रामदुर्गच्या. रामदुर्ग मलप्रभेच्या काठी. लहानपणी त्यांनी कपडे धुतले त्या नदीत, पोहायला शिकल्या त्या नदीत, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच नदीने त्यांच्या माहेरच्या घरात शिरून धान्याची कणगी बुडवली. लग्नानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्या बेळगावात राहिल्या. मलप्रभेचा उगम इथून दीड-दोन तासांवर असूनही तो बघायचा राहून गेला. आता गुडघे बोलू लागले आहेत. गेल्या श्रावणात त्या सहज म्हणाल्या, ‘‘आम्ही खालचं पाणी बघितलं, वरचं कधी बघायचं?’’ आणि पुढे हळूच जोडले, ‘‘जीपनेच जाऊ. बंद गाडीत मला डोंगर दिसत नाही.’’

यांनी सांगून बघितले की जीप उंच आहे, चढायला त्रास होईल, पाऊस आला तर भिजाल. त्यावर अत्तींनी नुसते हसून पानाचा डबा उघडला. म्हणजे विषय संपला होता.

बेळगावहून पिरनवाडीला उजवीकडे वळले की जांबोटीचा रस्ता लागतो. किणये, पुढे कुसमळीला मलप्रभेवरचा पूल, मग जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि घाट उतरला की गोव्यातले केरी आणि साखळी. सुरुवातीला भातशेती, मग काजू, मग दोन्ही बाजूंनी दाट रान. टपाच्या गाडीची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगला रस्ता नाही. एकाच दिवसात ऊन, धूळ, धुके आणि पाऊस असे चारही मिळतात. म्हणून जाण्याआधी जीप आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे नेली.

चटईखाली काय होते

मी टपाची एक उसवलेली शिवण दाखवायला गेले होते. मेस्त्रींनी टपाकडे नुसती एक नजर टाकली. ‘‘अक्का, टप काय, कुशनवाला दोन तासांत शिवून देतो. खालचं बघू आधी.’’ असे म्हणून त्यांनी पुढच्या सीटखालची रबरी चटई उचलली. खाली पत्रा ओला होता. पाऊस थांबून आठ दिवस झाले होते, तरी ओला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून जरा दाबले आणि ते भिजलेल्या बिस्किटात जावे तसे आत गेले.

जीपच्या तळाच्या पत्र्याला पाणी जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. त्यांना रबरी बुचे असतात, ती काढली की आत आलेले पाणी खाली जाते. वडिलांच्या हयातीत कधीतरी एका गॅरेजवाल्याने खालून धूळ येऊ नये म्हणून या भोकांत लांबी भरून वरून रंग मारला होता. धूळ थांबली, पण पाणीही थांबले. टपाच्या शिवणीतून दर पावसाळ्यात वाटीभर येणारे पाणी चटईखाली साठत गेले आणि वरून काही दिसले नाही. ज्या पत्र्यातून स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला त्याच पत्र्यात ड्रायव्हरशेजारच्या सीटचे बोल्ट होते. अत्ती बसणार होत्या ती सीट. ‘‘अजून एक पावसाळा गेला असता तर घाटात ब्रेक लावल्यावर सीट माणसासकट पुढे आली असती,’’ मेस्त्री म्हणाले.

कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवला, त्याला गंज रोखणारा रंग दिला आणि भोके पुन्हा मोकळी केली. चार दिवस गेले. संध्याकाळी घरी येऊन हे सांगितले तेव्हा अत्ती म्हणाल्या, ‘‘नीरु बंदरे बरलि, निल्लबारदु.’’ पाणी आले तर येऊ दे, थांबता कामा नये. २०१९ च्या पुरानंतर माहेरी ज्या भिंतींपासून पाणी लगेच ओसरले त्या आजही उभ्या आहेत, ज्या कोपऱ्यात पाणी आठवडाभर तुंबले तिथली माती सुटली, हे त्यांनी बघितले होते. टपाच्या गाडीची सगळी देखभाल या एका वाक्यात बसते, असे मला वाटते.

ज्यांच्याकडे टपाची कोणतीही गाडी आहे त्यांनी आज एवढे करावे. चटया उचलून खाली हात फिरवावा. ओल लागली तर भोके शोधावीत. परदेशी बनावटीच्या महागड्या गाड्यांत टप जिथे घडी होऊन बसतो त्या खळग्याच्या कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. झाडाची पाने, धूळ, परागकण यांनी त्या तुंबतात आणि पाणी गाडीत उतरते. नळीत वाटीभर पाणी ओतून ते गाडीखाली पडते का ते बघावे. तुंबली असेल तर मऊ, लवचीक वायरने हळूच मोकळी करावी. जोरात हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग खर्च वाढतो.

टपाची पाण्याची परीक्षा

शिवण दिली तरी गळती कोठून आहे हे अंदाजाने सांगू नये. पाणी एका जागी शिरते, कमानीवरून वाहत जाते आणि भलत्याच जागी टपकते. मेस्त्रींनी दाखवलेली पद्धत सोपी आहे. टप चढवून, पडदे लावून एक माणूस आत बसवावा, हातात टॉर्च आणि खडू. दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी धरावी. पाणी खालून सुरू करावे, आधी दारांचे पडदे, मग काचेच्या चौकटीचा सांधा, सर्वांत शेवटी वरचे कापड. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटे. आतला माणूस थेंब दिसला की खडूने खूण करतो. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून उतरते आणि काहीच कळत नाही. आमच्याकडे आत बसायचा मान माझ्या पुतण्याला मिळाला. त्याने तीन खुणा केल्या. दोन शिवणीच्या आणि एक काचेच्या चौकटीवर टपाची कड बसते तिथली. तिसरीत शिवणीचा दोष नव्हता, रबराची पट्टी वाळून आकसली होती.

टपाचे कापड दोन प्रकारचे असते. एक जाड सुती कॅनव्हास, दुसरे रेक्झिनसारखे, वरून प्लॅस्टिकचा थर दिलेले. कॅनव्हास ओला झाला की त्याचे धागे फुगतात आणि छिद्रे पुष्कळशी आपोआप बंद होतात. म्हणून नव्या कॅनव्हासमधून पहिल्या पावसात जास्त पाणी येते, पुढे कमी. शिवण सुती दोऱ्याची असेल तर तीही फुगते. नायलॉनचा दोरा मजबूत असतो पण फुगत नाही, त्यामुळे त्या शिवणीवर आतून मेण घासावे लागते. साधी मेणबत्ती चालते. रेक्झिनमधून पाणी येत नाही, पण घडीवर त्याला भेगा पडतात. उन्हात कडक झालेला टप ओढून-ताणून बसवायचा प्रयत्न केला की शिवणीपाशी फाटतो.

रबराच्या पट्ट्यांना इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने रबर फुगते आणि मऊ पडून तुटते. सिलिकॉनचे ग्रीस मिळाले तर उत्तम, नाहीतर कोरड्या रबरावर शंखजिऱ्याची पूड चोळावी, ते चिकटत नाही. टिचबटणांच्या आत व्हॅसलीनचे बोट फिरवावे. पडद्याची चेन अडकत असेल तर तिच्या दातांवर मेणबत्ती घासावी. ओढाताण केली तर दात निघतात आणि मग पूर्ण पडदा नव्याने शिवावा लागतो.

टप उतरवताना

दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळी सात वाजता निघालो. अत्तींसाठी लाकडी पाट ठेवला. एक पाय पाटावर, एक पायरीवर, आणि त्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा. गुडघ्याची तक्रार कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

ऊन चांगले होते म्हणून किणयेच्या पुढे थांबून टप उतरवला. घाईत टप उतरवणारे आधी कमानी मागे लोटतात आणि कापड ताणले जाते. क्रम उलट हवा. आधी मागचे पट्टे सैल करावेत, मग बाजूचे पडदे काढावेत, मग बटणे, आणि शेवटी कमानी. पडद्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या असतात. त्यांची घडी घालायची वेळ आली तर मध्ये जुने सुती लुगडे किंवा मऊ चादर ठेवावी. प्लॅस्टिकवर धूळ असताना कोरड्या फडक्याने पुसले की बारीक ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्यांत काहीच दिसत नाही. आधी पाणी ओतून धूळ घालवावी, मगच पुसावे. उन्हाने हे प्लॅस्टिक पिवळे पडते आणि थंडीत कडक होते, म्हणून पहाटेच्या गारव्यात त्याची घडी घालूच नये.

टप उतरला आणि रान एकदम जवळ आले. जांबोटी मागे टाकल्यावर हब्बनहट्टीच्या बाजूला मारुतीचे देऊळ आहे. ते मलप्रभेच्या पात्रातच असल्याने पावसाळ्यात पाण्याखाली जाते. अत्तींनी सीटवर बसूनच हात जोडले. ‘‘हा मारुती दर वर्षी बुडतो आणि दर वर्षी वर येतो. काय बिघडलं त्याचं?’’ त्या म्हणाल्या.

धुराचा वास

त्याच सुमारास वारा गार झाला म्हणून अत्तींना पुढचे दोन पडदे लावून दिले आणि टपही चढवला. मागचा पडदा मात्र यांनी गुंडाळून वर बांधला, मागे बसलेल्यांना रान दिसावे म्हणून. दहा-पंधरा मिनिटांत अत्तींचे डोके जड झाले, मळमळू लागले. घाटाची वळणे म्हणून मळमळते असे सगळ्यांनी गृहीत धरले. पण पुतण्या म्हणाला, ‘‘काकू, डिझेलचा वास येतोय.’’

ही टपाच्या गाडीची जुनी खोड आहे आणि ती धोक्याची आहे. गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते. पुढून हवा यायची वाट बंद आणि मागचा पडदा उघडा असेल तर सायलेन्सरमधून निघालेला धूर त्या पोकळीतून फिरून आत ओढला जातो. डिझेलच्या धुराचा वास तरी येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू मात्र दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. डोके दुखणे, मळमळ, झोप येणे ही त्याची पहिली लक्षणे. मुले मागे झोपली आहेत असे वाटते आणि ती खरे म्हणजे गुंगलेली असतात. उपाय सोपा आहे. एकतर सगळे उघडा, नाहीतर पुढचे थोडे उघडून मागचे पूर्ण बंद करा. मागचे एकटे उघडे कधीच ठेवू नका. सायलेन्सरच्या पाइपला कुठे भोक पडले आहे का, तेही दर सहा महिन्यांनी बघून घ्यावे. गाडी बाजूला घेऊन आम्ही मागचा पडदा सोडला, पुढचे अर्धे उघडले, आणि अत्तींना रस्त्याकडेला एका दगडावर बसवले. पाच-सहा मिनिटांत त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी विड्याचे पान मागितले तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

वरचे पाणी

कणकुंबी लहानसे गाव. माउलीचे देऊळ आणि तिथेच मलप्रभेचा उगम. अत्ती बराच वेळ त्या तीर्थाच्या पायरीवर बसून होत्या. रामदुर्गला नदीचा घोगरा आवाज ऐकलेल्या बाईला हे शांत, पारदर्शक पाणी म्हणजे तीच नदी आहे हे पटायला वेळ लागला असावा. त्यांनी ओंजळीत पाणी घेतले, डोळ्यांना लावले आणि उरलेले पुन्हा त्यातच सोडले. बरोबर आणलेली छोटी बाटली त्यांनी भरली नाही. ‘‘हे पाणी आपलं आपण रामदुर्गला जातं. मी कशाला न्यायचं?’’ म्हणाल्या.

या भागाची खरी गंमत इथेच आहे. कणकुंबीला पडलेला पाऊस मलप्रभेतून पूर्वेला जातो, कुडलसंगमला कृष्णेला मिळतो आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतो. इथून जवळच, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस म्हादईत उतरतो, गोव्यात तिचीच मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच ढगाचे पाणी, पण धारेच्या कोणत्या बाजूला पडले त्यावर त्याची दिशा ठरते. टपाच्या मधल्या कमानीचे कामही तेच. तिने कापड उंच धरले तर पाणी दोन बाजूंना उतरते, ती वाकली तर मध्येच तळे होते.

चोर्ल्याचा पाऊस

पुढे चोर्ल्यापर्यंत जाऊन चहा घ्यावा, कड्यावरून गोवा बघावा आणि परतावे असा बेत होता. चोर्ला सुमारे ८०० मीटर उंचीवर, कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशा तीन राज्यांच्या सीमा जिथे जवळ येतात तिथे. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. सकाळी आकाश निळे आणि दुपारी दोनला काळे. चहाच्या टपरीपाशी पोहोचलो आणि तो कोसळला.

टपाच्या मध्यभागी पाण्याचा फुगा दिसू लागला. अशा वेळी चालत्या गाडीत खालून ठोसा मारून पाणी उडवू नये. ते पुढच्या काचेवर येते आणि क्षणभर काही दिसत नाही. गाडी उभी करून आतून तळहाताने अलगद उचलावे, म्हणजे पाणी बाजूला ओघळते. मग दोन्ही बाजूंचे पट्टे एक-एक भोक आवळावे. फक्त एका बाजूचा आवळला तर कमान तिरकी होते.

तेवढ्यात वायपर अडखळून थांबले. काचेच्या चौकटीचा सांधा पुतण्याने खडूने दाखवला होता तोच. नवी पट्टी बसवली होती, पण वाऱ्याने मारलेले थेंब तिच्या टोकाकडून डॅशबोर्डखाली फ्यूजपर्यंत पोहोचले होते. फ्यूज काढून बघितला तर उडालेला. जागा सुती फडक्याने कोरडी केली, तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवला, वर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा पागोळीसारखा तिरका बांधला. वायपर चालू लागले. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी घालायचा मोह काही ड्रायव्हरांना होतो. त्याने पुढच्या वेळी फ्यूज न जळता वायरिंग जळते आणि कापडाच्या टपाखाली बसलेल्या माणसाला आग ही सर्वांत वाईट गोष्ट. टपाच्या गाडीत हाताशी दोन-तीन फ्यूज, इन्सुलेशन टेप, मेणबत्ती, सुतळी, जाड सुई-दोरा आणि चार सुती फडकी एवढे असले तरी पुष्कळ अडचणी निभावतात. वायपर दुरुस्त होईपर्यंत काचेवर बाहेरून तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याची युक्ती घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात. पाणी त्याने सरकते खरे, पण ती गाडी सुरक्षित जागी नेण्यापुरतीच.

आता काच आतून धुरकट झाली. आत पाच माणसांचा उबदार श्वास आणि बाहेर गार काच, म्हणजे दव धरणारच. पडदे घट्ट बंद ठेवले तर ते वाढते. दोन्ही बाजूंना बोटभर फट ठेवली तर हवा खेळते आणि काच निवळते. निघण्याआधी काचेच्या आतल्या बाजूला साबणाच्या पाण्याचा हलका हात फिरवून कोरडे घासून काढले, तरीही दव कमी धरते.

पाऊस ओसरला, पण त्यामागून धुके आले. समोरच्या कड्यावरून गोवा दिसायचा होता, तिथे पांढऱ्या भिंतीपलीकडे काही नव्हते. हे म्हणाले, हळूहळू केरीपर्यंत उतरू, खाली स्वच्छ असेल. सगळ्यांनी अत्तींकडे बघितले. त्यांनी पदर सारखा केला आणि एकच शब्द उच्चारला, ‘‘साकु.’’ पुरे. आम्ही मागे वळलो. मला तो शब्द फार शहाणा वाटला. उगम बघायला आलो होतो, तो बघून झाला होता.

ज्यांना अशा दिवशी घाट उतरायचाच असेल त्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. चढताना ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, न्यूट्रल करून कधीही नाही. आणि रस्त्यावरच्या पाण्यातून गेल्यावर जुन्या जीपचे ड्रम ब्रेक ओले होऊन धरत नाहीत. लगेच, सरळ रस्त्यावर आणि कमी वेगात, ब्रेकवर हलका पाय ठेवून ते कोरडे करून घ्यावेत. वळणावर पोहोचल्यावर कळून उपयोग नसतो.

घरी आल्यावरचे काम

टपाच्या गाडीचा प्रवास घरी पोहोचल्यावर संपत नाही. ओला टप कधीही घडी करून ठेवू नये. एका रात्रीत कुबट वास येतो आणि दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते पुढे जात नाहीत आणि दोरा त्याच जागी कुजतो. आम्ही टप चढवलेलाच ठेवला, पडदे गॅलरीत वाळत घातले, तळाची बुचे काढली आणि चटया अंगणात टाकल्या. चार थेंब पाणी खाली पडताना पाहून मला जो आनंद झाला तो मेस्त्रींनाच कळेल.

टप धुताना मऊ ब्रश, साधे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. ब्लीच, पेट्रोल किंवा कपड्यांची कडक पावडर कापडावरचा पाणी अडवणारा थर काढून टाकते. सर्व्हिसिंगवाल्यांचा जोराचा फवारा टपावर मारू देऊ नये. तो पत्र्यासाठी ठीक, शिवणीसाठी नाही. गाडी सावलीत ठेवावी, पण फणसाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली नको. चीक, पक्ष्यांची विष्ठा आणि ओली पाने कापडाला उन्हापेक्षा लवकर खातात. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या जीपच्या टपात उंदीर घर करतात, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी टप हलवून बघावा.

बटण दाबून उघडणाऱ्या टपाच्या गाड्या आता आपल्याकडेही आल्या आहेत. त्यांना मोटर आणि पुष्कळदा हायड्रॉलिक तेल लागते. टप अर्ध्यावर अडला तर हाताने ओढू नये. बॅटरी उतरली आहे का, डिकीत टपाची जागा सामानाने अडली आहे का, तिथला आडवा पडदा जागेवर आहे का, फ्यूज ठीक आहे का, हे क्रमाने बघावे. पुष्कळ वेळा बिघाड तिथेच सापडतो. टप उघड-बंद करताना इंजिन चालू ठेवावे आणि गाडी सपाट जागी उभी असावी.

आपल्या घरांत गाडीसाठी वर्षातले दोन दिवस आपोआप ठरलेले आहेत. मृग लागण्याआधीचा रविवार टपाच्या पाण्याच्या परीक्षेसाठी, आणि खंडेनवमी, म्हणजे आयुधपूजेचा दिवस, चटया उचलून तळ बघण्यासाठी. त्या दिवशी गाडी नाहीतरी धुतलीच जाते. फक्त हळदी-कुंकू बॉनेटवर लावा, कॅनव्हासवर लागलेली हळद निघत नाही. झेंडूची माळ टपाच्या कमानीला बांधलीत तर दुसऱ्या दिवशी सोडून टाका, ओल्या फुलांचाही डाग बसतो. आणि कोहळा फोडण्याआधी, हात कोरडे असतानाच, सीटखालचे बूच काढून तांब्याभर पाणी ओता. ते खाली रस्त्यावर पडले की पूजा करायला हरकत नाही.